पांढऱ्या पावडरींची ओळखपरेड

आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी आपोआप साठायच्या: रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या दर दिवाळीला भंगारवाला घेऊन जायचा. किस्से कोण नेणार? ते माझ्याकडेच राहिले. आता जुनी मंडळी भेटली की कुणीतरी म्हणतंच, "वसू, तो मुंग्यांचा सांग ना!" मी एक सांगायला घेते आणि त्याच्या मागोमाग दुसरा येऊन उभा राहतो.

आधी ओळख करून देते. इंदूरला छत्रीबागेत एका घराच्या वरच्या मजल्यावर आमची टेस्टिंग लॅब होती. मालक डॉक्टर मुजुमदार, केमिस्ट्रीतले पीएचडी. पाटीवरचं 'डॉ.' वाचून गल्लीतले लोक खोकला घेऊन वर यायचे आणि डॉक्टर त्यांना मिठाच्या गुळण्या सांगून मोकळे व्हायचे. नोकरीला मी, नुकतीच एमएस्सी झालेली, आणि दीपक. दीपक बीएस्सी होता, पण बाहेर स्वतःची ओळख 'सायंटिस्ट' अशी करून द्यायचा.

काम एकच. औषधांचे, साबणाचे, रंगांचे छोटे कारखानदार पुड्या आणून द्यायचे आणि पुडीत काय आहे ते आम्ही सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण सेंद्रिय रसायनांची गंमत अशी की त्यातली बहुतेक दिसायला पांढरी पावडर! साखर, औषध, विष, सगळ्यांचा चेहरा एकच.

ते दिवस इंदूरच्या मिल एकेक करून बंद पडण्याचे होते. सकाळी घड्याळ लावायला चार भोंगे असायचे, ते तीनावर आले, मग दोनावर. अशाच एका बंद गेटमधून आमच्याकडे आले गायकवाड मास्तर.

*

मास्तर मिलच्या रंगखात्यात डाईंग मास्टर होते. राहायला महूला, वडील पलटणीतले. त्यामुळे चालणं ताठ आणि बोलणं मोजकं.

"डिग्री?" डॉक्टरांनी विचारलं.

"इंटर सायन्स, साहेब. फेल."

दीपकनं हसू दाबण्यासाठी खोकून घेतलं. डॉक्टरांनी एक पुडी पुढे सरकवली. "ये क्या है, पता करके सांगा. उद्यापर्यंत वेळ आहे."

ती पुडी मी ओळखत होते. एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला तीच मला आली होती आणि तीन दिवस घालवून मी ती चुकीची ओळखली होती!

मास्तरांनी चिमूटभर पावडर पळीवर जाळली. काळा धूर निघाला. "बेन्झिनचं घराणं," ते स्वतःशीच म्हणाले. मग थोडी पावडर सोडियमच्या तुकड्याबरोबर काचेच्या नळीत लालभडक होईपर्यंत तापवली, नळी पाण्यात फोडली, पाणी गाळलं, त्यात दोन-तीन द्रावणांचे थेंब सोडले. पाण्यात बघता बघता गर्द निळा रंग उतरला. "नायट्रोजन आहे." मग पावडर कितीला वितळते ते पाहिलं. एकशे चौदा डिग्री.

मी असते तर इथेच नाव लिहून मोकळी झाले असते. मास्तरांनी कपाटातून ॲसिटॅनिलाइडची बाटली काढली, त्यातली चिमूट पुडीतल्या पावडरीत मिसळली आणि ते मिश्रण पुन्हा वितळायला ठेवलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"दोन वेगळे पदार्थ मिसळले की दोघंही लवकर वितळतात, बेटा. एकाच घरचे असले तर आपला आकडा सोडत नाहीत."

मिश्रण एकशे चौदालाच वितळलं. सगळं मिळून दीड तास लागला होता. मी तर तोंड उघडं टाकून बघत होते. ज्या पदार्थाला तीन दिवसांत माझ्याशी बोलावंसं वाटलं नव्हतं, तो या माणसाला दीड तासात नाव, गाव, घराणं सगळं सांगून बसला होता!

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मास्टर, इंटरला फेल कशात झालात?"

"केमिस्ट्रीत," मास्तर म्हणाले.

*

आता मुंग्यांचा.

मानपूरच्या पुढे हायवेवर कुठल्याशा ट्रकमधून एक ड्रम पडला. लेबल नाही, झाकण ढिलं, आतून काहीतरी पाझरतंय. ढाबेवाल्यानं पोलिसांना कळवलं. पोलिसांनी दोर बांधून रस्त्याची एक बाजू बंद केली आणि आमच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी मास्तरांना, मला आणि एका पेटीत मावेल तेवढं सामान जीपमध्ये घातलं.

आम्ही पोचलो तर शंभर माणसं दूर उभी. कुणी म्हणे ॲसिड आहे, कुणी म्हणे गॅस निघणार. फौजदारानं तर नाकाला रुमाल बांधला होता.

मास्तर वाऱ्याची दिशा बघून हळूहळू जवळ गेले. ड्रमपाशी उकिडवे बसले आणि बसूनच राहिले. पाच मिनिटं नुसतं जमिनीकडे बघत होते. मग मला हाक मारली. एका परीक्षानळीत त्यांनी तो चिकट द्रव घेतला, त्यात एका क्षाराची पूड टाकली आणि बर्नरवर धरली. डोळ्यांत पाणी आणणारा, तेल करपल्यासारखा वास आला. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं.

"ग्लिसरीन आहे, साहेब. थंडीत ओठांना लावतात ते."

फौजदाराला पटेना. "पक्कं? रिपोर्ट कोण देणार?"

मास्तरांनी ड्रमच्या बुडाशी बोट दाखवलं. तिथे मुंग्यांची रांग लागली होती आणि सगळ्या तंदुरुस्त होत्या. "रिपोर्ट त्यांनी आपल्या आधीच दिलाय. मी फक्त दुजोरा दिला. आणि सहीचं म्हणाल तर मला डिग्री नाही, सही डॉक्टर करतील."

फौजदारानं रुमाल सोडला आणि पहिल्यांदा तिथल्या ढाबेवाल्याला चहा सांगितला.

*

मग सरकारचं धोरण बदललं, बाहेरचा माल यायला लागला आणि आमच्या गिऱ्हाइकांची भाषाही बदलली. आता नुसतं 'नायट्रोजन आहे' चालत नव्हतं, "ग्राफ दो, भिया" असं इंदुरी थाटात म्हणायचे. डॉक्टरांनी परदेशी इन्फ्रारेड मशीन मागवलं. लाकडी खोक्यातून ते वर चढवायला सहा हमाल लागले. दीपकनं नारळ आणला. मशीनच्या आत मिठाची खिडकी असते, दमट हवेनंसुद्धा ती खराब होते, म्हणून डॉक्टर जिन्यातच आडवे झाले. "पाणी आत नको! तो नारळ रस्त्यावर फोड!"

मला धास्ती मास्तरांची होती. आता नळ्या आणि बर्नर कोणाला लागणार? या माणसाला दुसऱ्यांदा घरी बसवणार की काय?

पहिला ग्राफ काढायचा तेव्हा मास्तर चपला बाहेर काढून आत आले. एका खास मिठात पावडर मिसळून, दाबून, काचेसारखी चकती करायची आणि ती मशीनमध्ये ठेवायची. बटण दाबलं. कागद सरकायला लागला आणि त्यावर पेन रेघ काढत निघालं. मध्येच ते खोल खाली गेलं आणि वर आलं.

"हे काय झालं?"

मी समजावलं. रेणूतले अणू एकमेकांना स्प्रिंग लावल्यासारखे जोडलेले असतात आणि सारखे हलत असतात. प्रत्येक जोडीची हलायची गती ठरलेली. आपल्या गतीचा प्रकाश आला की ती जोडी तो पिऊन टाकते, आणि तिथे रेघ खाली जाते. "हा खड्डा कार्बन आणि ऑक्सिजनच्या जोडीचा, मास्तर. कार्बोनिल."

"म्हणजे ती आत्ता, या चकतीत, हलतेय?"

"हो."

"मी जाळत होतो तेव्हाही हलत होती?"

"हो, मास्तर."

ते मशीनसमोरच्या करकरत्या लोखंडी स्टुलावर बसून कागदाकडे बघत राहिले; त्या दिवसापासून तो स्टूल त्यांचाच झाला. मग म्हणाले, "तीस वर्षं मी दारावर टकटक करून विचारत होतो, आत कोण आहे. आत गाणं चालू होतं, हे मला कुणी सांगितलंच नाही." मी पाच वर्षं कॉलेजात हे शिकले होते, मार्कही मिळवले होते. पण त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला.

*

काही महिन्यांनी एक गंमत सुरू झाली. मी मशीनवर ग्राफ काढत असायची आणि मास्तर पाठमोरे, दूर सिंकपाशी नळ्या धूत असायचे. तिथूनच आवाज यायचा, "कार्बोनिल आला."

मी कागद बघायची. आलेला असायचा!

"अल्कोहोल दिसतंय." असायचं. "आता दोन खड्डे शेजारी शेजारी. नायट्रो." तेही असायचं.

दीपकला वाटलं मास्तरांना काही सिद्धी आहे. "मास्टरजी, आपके पीठ में आँखें हैं क्या?"

"पीठ में नहीं, कान में," मास्तर म्हणाले आणि मला समजावून सांगितलं. पेन खाली जाताना घासल्यासारखा आवाज होतो. अल्कोहोलचा खड्डा रुंद, म्हणून आवाज लांबट. कार्बोनिलचा टोकदार, म्हणून झटकन जाऊन येतो. अर्ध्यावर कागदाचा वेग बदलतो, तिथे 'टक्' होतं. त्या 'टक्'पासून मनात आकडे मोजायचे, म्हणजे कुठला खड्डा कुठे आहे ते कळतं. "मिलमध्ये चारशे माग एकदम चालायचे, बेटा. त्यातला एक आजारी असला तर आमचा जॉबर, मागांवरचा मुकादम, चहा पिता पिता सांगायचा. हे तर एकच पेन आहे."

मी पुन्हा थक्क! पण थक्क होण्याच्या भरात एक साधा प्रश्न मला सुचलाच नाही. कागद समोर असताना हा माणूस ऐकत का बसतो?

*

उत्तर एका औषधाच्या पुडीनं दिलं. मास्तरांनी सोडियमची टेस्ट केली, नळी खिडकीपाशी धरली आणि मला म्हणाले, "लिही, नायट्रोजन नाही."

मी सहज वर बघितलं. नळी निळीशार होती! शाईच्या दौतीसारखी.

"मास्तर, हा निळा आहे."

त्यांनी नळी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, पुन्हा जवळ आणली. मग स्टँडमध्ये ठेवून दिली.

"दोन वर्षं झाली," ते हळू आवाजात म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सगळं चहाच्या पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं. निळा तर गेल्यातच जमा."

रंगांवर पोट भरलेला माणूस, आणि त्याचा निळाच गेला!

"ऑपरेशन करून घ्या ना."

"एका डोळ्याला सहा आठवडे घरी बसावं लागतं. धूर नाही, वाकणं नाही." त्यांनी स्टँड बाजूला सरकवला. "मिलच्या गेटवर कागद लावला होता ना, त्यातही 'काही आठवड्यांसाठी' असंच लिहिलं होतं. मी डबा आत विसरलो होतो. म्हटलं, उघडली की घेईन."

मी रिपोर्टचा कागद पुढे ओढला.

"डॉक्टरांना सांगू नकोस, बेटा," ते म्हणाले. मी मान हलवली आणि रिपोर्टमध्ये 'नायट्रोजन आहे' असं लिहिलं.

*

दीपकला सांगावं लागलं, कारण माझ्या एकटीच्यानं ते झेपणारं नव्हतं. मग आम्ही दोघांनी एक युक्ती काढली. मास्तरांच्या हातात नळी दिसली की आपल्यापैकी एकानं जवळून जायचं आणि रंग मोठ्यानं बोलायचा, पण अगदी सहज.

"वा! काय निळा आलाय!" मी ओरडायची. "अरे भिया, क्या लाल है, एकदम गुलाबजामुन!" दीपक ओरडायचा. त्याच्या उपमा सगळ्या खाण्याच्याच असायच्या. लिंबाच्या लोणच्याचा पिवळा, पालकाचा हिरवा, एकदा तर 'कल के पोहे जैसा'!

मास्तर गंभीर चेहऱ्यानं वहीत लिहून घ्यायचे. आम्ही करतोय ते त्यांना कळतंय आणि त्यांना कळतंय ते आम्हाला कळतंय, असा सगळा मामला.

आठवड्याभरानं डॉक्टर केबिनमधून बाहेर आले. "काय रे, तुमच्याकडे रोजच रंगपंचमी असते का?"

"साहेब, काम में मन लग रहा है!" दीपक म्हणाला.

*

डॉक्टर काही दुधखुळे नव्हते. दोन दिवसांनी त्यांनी स्वतः एक चकती केली आणि मास्तरांना मशीनच्या खोलीत बोलावलं. आम्हीही दारात उभे.

"मास्टर, सुना है तुम्ही कानाने ग्राफ वाचता. खिडकीकडे तोंड करून उभे राहा आणि सांगा, यात काय आहे."

बटण दाबलं. पेन निघालं. मास्तर डोळे मिटून उभे होते. एक मिनिट, दोन मिनिटं, 'टक्' झालं, मास्तर गप्प. पाच मिनिटं झाली, तरी गप्प. दीपकनं माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. संपलं, मला वाटलं. आता हे चुकणार आणि डॉक्टरांना कारण मिळणार.

आठव्या मिनिटाला पेन थांबलं. मास्तर वळले.

"साहेब, सुरुवातीला थोडी लांबट घसरण होती, ते पाणी. मध्ये एक बारीक चिमटा, तेही पाणीच. मीठ दमट झालंय, ते सुकवायला हवं." मग जरा संकोचून म्हणाले, "आणि सॅम्पल घालायचं राहिलं वाटतं."

डॉक्टरांनी सॅम्पल घातलंच नव्हतं! नुसत्या मिठाची चकती ठेवली होती. दीपकच्या तोंडून "ओ भिया!" एवढंच निघालं. मी तर टाळ्या वाजवणार होते, तेवढ्यात डॉक्टर बोलले.

"डोळ्यांना कधीपासून दिसत नाही?"

डॉक्टरांनी मशीनमधला कागद फाडून हातात घेतला.

"पेन थांबलं की माणूस आधी कागद बघतो, मास्टर. आपण बरोबर सांगितलं की नाही, ते बघायला. तुम्ही बघितलाच नाही."

मास्तरांनी मान खाली घातली. डॉक्टर जवळ गेले. "ऑपरेशन करून घ्या. जागा कुठे पळून जाते का?"

"मिलपण कुठे पळाली नाही, साहेब. तिथेच आहे. चिमणीसकट."

त्यानंतर आठवडाभर डॉक्टर रोज विचारायचे आणि मास्तर रोज नाही म्हणायचे. मग एक दिवस नळ्या धुता धुता मास्तरांनी मला विचारलं, "त्या दिवशी तू वर बघितलं नसतंस, तर रिपोर्ट चुकीचा गेला असता ना?"

"गेला असता."

"औषधाची होती ना पुडी?"

"हो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजेचा अर्ज दिला. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'सध्या एका डोळ्यापुरती रजा मिळावी.' मी म्हटलं, दोन्ही डोळ्यांचं लिहा ना, एकदाच काय ते.

"नको," ते म्हणाले. "आधी एका डोळ्याचा माणूस परत येऊ शकतो का, ते बघू."

*

आता शेवटचा, आणि माझ्या मते सगळ्यांत भारी.

ऑपरेशनला चार दिवस झाले होते. मास्तर दवाखान्यातच होते, एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्या डोळ्याला तसंही सगळं धुरकटच दिसत होतं. डॉक्टर मला म्हणाले, "त्याला करमत नसणार. मशीनचा आवाज टेप करून घेऊन जा." दीपकनं घरून टेपरेकॉर्डर आणला. मी चकती ठेवली, बटण दाबलं आणि पूर्ण आठ मिनिटं कॅसेटवर उतरवून घेतली.

दुपारी मी टेपरेकॉर्डर मास्तरांच्या उशाशी ठेवला. वॉर्डातले बाकीचे पेशंट गाणी ऐकायला मिळतील म्हणून सरसावून बसले. कॅसेट सुरू झाली. खर्र, खर्र, टक्, खर्र! शेजारचा म्हातारा वैतागला, "ये काहे का भजन है?"

मास्तर हसले. "आधी लांब घसरण, म्हणजे ॲसिड. 'टक्'नंतर दोन कार्बोनिल, एकामागे एक. ॲस्पिरिन."

ॲस्पिरिनच होतं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना ते दिसत नव्हतं म्हणून बरं.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

"बरोबर आहे, मास्तर. ॲस्पिरिनच आहे."

"ते कळलं. पुन्हा लाव."

मी कॅसेट मागे घेऊन पुन्हा लावली. या वेळी ते पट्टी बांधलेलं डोकं टेपरेकॉर्डरला टेकवून पूर्ण आठ मिनिटं ऐकत राहिले. कॅसेट संपल्यावर त्यांनी विचारलं, "मशीनसमोरचा लोखंडी स्टूल तिथेच आहे ना?"

"तिथेच आहे."

"त्यावर कुणी बसलं आणि जरा हललं तरी तो करकरतो. कॅसेटमध्ये एकदाही करकरला नाही."

"तुम्ही गेल्यापासून आम्ही उभ्यानंच ग्राफ काढतो, मास्तर."

"सगळे?"

"डॉक्टरसुद्धा."

मास्तरांनी नर्सच्या पावलांचा अंदाज घेऊन तिला हाक मारली.

"सिस्टर, दूसरी आँख का नंबर कब लगेगा?"